मेलमध्ये चित्र पेस्ट होत नाही? दोष कुठे आहे ते क्रमाने शोधा

मेलमध्ये चित्र पेस्ट होत नाही, अशी तक्रार कोणी केली की मी आधी एकच प्रश्न विचारतो: नेमके काय झाले? कंट्रोल आणि व्ही या कळा दाबल्यावर काहीच उमटले नाही, चित्राच्या जागी एखादे फाइलचे नाव किंवा लांबलचक पत्ता उमटला, की चित्र तुमच्या खिडकीत नीट दिसले आणि समोरच्याला मात्र रिकामी चौकट मिळाली? ही तीन निरनिराळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. नवशिके बहुधा थेट प्रोग्राम काढून पुन्हा टाकण्यापासून सुरुवात करतात. त्यात तास-दीड तास जातो आणि हाती फारसे काही लागत नाही, कारण दोष बहुतेक वेळा सेटिंगमध्ये किंवा चित्र जिथून उचलले त्या ठिकाणी असतो, आणि नव्याने टाकलेला प्रोग्रामही जुन्या प्रोफाइलमधली, म्हणजे मागे उरलेल्या तुमच्या सेटिंगच्या साठ्यातली, तीच सेटिंग उचलतो.

खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने कराव्यात. उदाहरणे मुख्यतः थंडरबर्डची आणि विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुकची आहेत; मात्र तत्त्व डेस्कटॉपवरच्या कोणत्याही ईमेल प्रोग्रामला लागू पडते.

पायरी १: क्लिपबोर्डवर खरोखर चित्रच आहे का, ते पाहा

कॉपी केलेली वस्तू पेस्ट होईपर्यंत जिथे तात्पुरती राहते, ती जागा म्हणजे क्लिपबोर्ड. ईमेल प्रोग्राम बाजूला ठेवा. पेंट किंवा तशाच एखाद्या साध्या चित्र-प्रोग्राममध्ये नवे कोरे पान उघडून तिथे पेस्ट करा. तिथे चित्र उमटले तर कॉपी करण्याचे काम बरोबर झाले आहे आणि दोष पुढे आहे. तिथेही उमटले नाही, तर ईमेलच्या सेटिंगमध्ये कितीही शोधले तरी उपयोग नाही. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती वगळल्यामुळेच बहुतेकांचा वेळ वाया जातो.

क्लिपबोर्डबद्दल एक गोष्ट लक्षात घेतली की पुढचे पुष्कळसे गूढ उकलते. आपण ‘कॉपी’ म्हणतो तेव्हा क्लिपबोर्डवर एकच वस्तू जाऊन बसते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मूळ प्रोग्राम त्याच मजकुराची अनेक रूपे एकाच वेळी तिथे मांडून ठेवतो: साधा मजकूर, एचटीएमएल (सजावटीसह मजकूर), चित्राचे ठिपके, फाइलचा पत्ता, यांपैकी जे जे त्याला देता येईल ते. पेस्ट करताना त्यातले कोणते रूप उचलायचे, हे घेणारा प्रोग्राम ठरवतो. म्हणूनच तीच कॉपी पेंटमध्ये चित्र म्हणून उतरते, नोटपॅडमध्ये काहीच उतरत नाही आणि मेलमध्ये भलतेच काही उतरते.

आता चित्र कुठून उचलले ते आठवा. फाइल एक्सप्लोररमध्ये फोटोच्या चिन्हावर क्लिक करून कॉपी केले असेल, तर क्लिपबोर्डवर चित्र गेलेले नाही. गेली आहे ती फाइल. अशी फाइल मेलमध्ये पेस्ट केली की ती मजकुरात न उमटता बहुधा अटॅचमेंट म्हणून वर जाऊन बसते. चित्र मजकुरातच हवे असेल, तर ती फाइल आधी उघडा, आणि उघडलेल्या चित्रावरून कॉपी करा. ब्राउझरमध्ये उजवी क्लिक केल्यावर ‘कॉपी इमेज’ आणि ‘कॉपी इमेज लिंक’ (किंवा ‘कॉपी इमेज अ‍ॅड्रेस’) असे दोन पर्याय एकमेकांना खेटून असतात. घाईत दुसरा दाबला गेला की मेलमध्ये चित्राऐवजी लांबच लांब पत्ता उमटतो. हा प्रोग्रामचा दोष नाही, बोटाचा आहे.

स्क्रीनशॉटचे थोडे वेगळे आहे. विंडोजमध्ये विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबून पडद्याचा भाग निवडला की तो थेट क्लिपबोर्डवर जातो. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबले की फक्त समोरची चालू खिडकी जाते. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ४ दाबले तर चित्र फाइल होऊन डेस्कटॉपवर पडते, क्लिपबोर्डवर जात नाही. त्यात कंट्रोल ही कळ जोडली तरच ते क्लिपबोर्डवर जाते. विंडोजवरून मॅकवर आलेली मंडळी इथे हमखास अडखळतात: स्क्रीनशॉट काढल्याचा आवाज येतो, पेस्ट केल्यावर मात्र तासाभरापूर्वी कॉपी केलेले वाक्य उमटते.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. तिथे कॉपी केलेली वस्तू बऱ्याचदा मूळ प्रोग्रामच्याच हाती राहते आणि कोणी मागितली की तो ती देतो. स्क्रीनशॉटचे साधन बंद केले की देणारा उरत नाही आणि क्लिपबोर्ड रिकामा भासतो. पेस्ट होईपर्यंत ते साधन उघडे ठेवा, किंवा कॉपी केलेले सांभाळून ठेवणारा क्लिपबोर्ड मॅनेजर चालू ठेवा. दूरच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने काम करत असाल, तर दोन्ही बाजूंचा क्लिपबोर्ड जोडण्याचा पर्याय चालू आहे का तेही पाहा.

विंडोजमध्ये विंडोज आणि व्ही दाबल्यावर क्लिपबोर्डचा इतिहास दिसतो. आधी तो एकदा चालू करावा लागतो. त्यात २५ नोंदी राहतात आणि एका नोंदीची मर्यादा ४ मेगाबाइट आहे. मोठे चित्र त्या यादीत दिसले नाही म्हणून ते कॉपीच झाले नाही, असा निष्कर्ष काढू नका.

पायरी २: संदेश साध्या मजकुराचा आहे की एचटीएमएलचा?

पेंटमध्ये चित्र उमटते पण मेलमध्ये काहीच होत नाही, अशा वेळी सर्वात आधी संशय घ्यावा तो संदेशाच्या स्वरूपावर. मेल दोन प्रकारे लिहिता येतो: साधा मजकूर, ज्यात अक्षरांपलीकडे काहीच राहू शकत नाही, आणि एचटीएमएल, ज्यात ठळक अक्षरे, रंग, तक्ते आणि चित्रे बसतात. साध्या मजकुराच्या संदेशात चित्राला जागाच नसते, त्यामुळे प्रोग्राम पेस्टची आज्ञा मुकाट्याने गिळून टाकतो. तो चूक दाखवत नाही, हेच खरे त्रासाचे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. लिहिण्याच्या जागेच्या वर अक्षर ठळक करण्याची, रंग देण्याची पट्टी नसेल किंवा तिच्यातली बटणे फिकी पडलेली असतील, तर संदेश साध्या मजकुराचा आहे.

थंडरबर्डमध्ये तात्पुरता उपाय असा, की ‘राइट’ किंवा ‘रिप्लाय’ हे बटण शिफ्ट दाबून धरून क्लिक करावे. नेहमीच्या स्वरूपाच्या उलट स्वरूपात खिडकी उघडते. कायमचा उपाय अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘कंपोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंग’ या पानावर आहे. तिथल्या ‘कंपोझ मेसेजेस इन एचटीएमएल फॉरमॅट’ या चौकटीत खूण करावी. हे सेटिंग प्रत्येक खात्यासाठी वेगळे असते. दोन खाती असतील आणि एकातून चित्र जाते, दुसऱ्यातून जात नाही असा अनुभव येत असेल, तर कारण बहुधा हेच.

आउटलुकमध्ये नव्या संदेशाच्या खिडकीत ‘फॉरमॅट टेक्स्ट’ या टॅबवर एचटीएमएल, प्लेन टेक्स्ट आणि रिच टेक्स्ट असे तीन पर्याय असतात. इथली मेख उत्तर देताना कळते. आलेला संदेश ज्या स्वरूपात असेल, त्याच स्वरूपात आउटलुक उत्तराची खिडकी उघडतो. त्यामुळे नव्या मेलमध्ये चित्र चालते आणि ठरावीक व्यक्तीला उत्तर देतानाच चालत नाही, असे चमत्कारिक लक्षण दिसते; ती व्यक्ती साध्या मजकुरात लिहिते, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी त्याच टॅबवर जाऊन एचटीएमएल निवडावे. रिच टेक्स्टच्या वाटेला मात्र जाऊ नये. ते स्वरूप आउटलुकचे स्वतःचे आहे आणि दुसरा प्रोग्राम वापरणाऱ्याच्या हाती त्याऐवजी ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची न उघडणारी फाइल पडू शकते.

पायरी ३: पेस्टची आज्ञा आणि कर्सरची जागा

ही पायरी छोटी आहे. कर्सर मजकुराच्या जागेत आहे का ते पाहा. तो विषयाच्या ओळीत असेल तर चित्र कुठेच जाणार नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही ही जोडी अनेक प्रोग्रामांत ‘स्वरूप सोडून फक्त मजकूर पेस्ट करा’ या अर्थाची आहे; ज्यांच्या बोटांना ती सवय लागली आहे त्यांचे चित्र वाटेतच गळते. आउटलुकमध्ये एडिटरच्या पर्यायांत नेहमीची पेस्ट ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ अशी ठरवून ठेवलेली असेल तरी तेच होते. त्याच पानावर, प्रगत पर्यायांत, ‘शो पिक्चर प्लेसहोल्डर्स’ नावाची चौकट आहे. तिच्यात खूण असेल तर चित्र संदेशात असूनही पडद्यावर नुसती रेघांची चौकट दिसते आणि आपण उगाच पुन्हा पुन्हा पेस्ट करत राहतो.

पायरी ४: इथे दिसते, तिथे पोहोचत नाही

हे दुखणे सर्वात फसवे आहे, म्हणून इथे थोडे थांबू. मी एकदा वर्ड प्रोसेसरमध्ये तयार केलेली कामाची टिपणी, आतल्या पाच स्क्रीनशॉटसकट, सगळी निवडून मेलमध्ये पेस्ट केली. खिडकीत पाचही चित्रे दिसत होती. पाठवलेल्या संदेशांत उघडून पाहिले, तिथेही दिसत होती. समोरून उत्तर आले: मजकूर मिळाला, पाच रिकाम्या चौकटीही मिळाल्या.

असे का होते हे समजण्यासाठी चित्र मेलमधून प्रवास कसे करते ते पाहावे लागते. ईमेल मुळात अक्षरांसाठी बनवलेली आहे. त्यात चित्रे, ध्वनी पाठवण्याची सर्वमान्य रीत १९९२ साली ‘माइम’ या मानकाने आली. त्याच वर्षी ११ मार्चला त्या मानकाचे एक जनक नॅथॅनिएल बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायक चौकडीचे छायाचित्र आणि गाण्याचा तुकडा मेलला जोडून पाठवला होता. माइमच्या रीतीप्रमाणे एक संदेश अनेक भागांचा बनतो. मजकूर एका भागात, चित्र दुसऱ्या भागात. चित्राच्या भागाला एक ओळखचिठ्ठी असते आणि मजकुरात जिथे चित्र दिसायला हवे, तिथे फक्त ‘अमुक चिठ्ठीचे चित्र इथे दाखवा’ असे लिहिलेले असते. या उल्लेखाची सुरुवात ‘सीआयडी’ या तीन रोमन अक्षरांनी होते. थोडक्यात, मजकुरात चित्र नसते, चित्राचा पत्ता असतो. सगळा प्रश्न तो पत्ता कुठला आहे, याचा.

पत्ता सीआयडीचा असेल तर चित्र त्याच संदेशात सोबत निघालेले आहे, ते पोहोचणार. पत्ता तुमच्या संगणकावरच्या फाइलचा असेल तर समोरच्याच्या संगणकावर ती फाइल नाही, म्हणून चौकट रिकामी. माझ्या बाबतीत हेच झाले होते: वर्ड प्रोसेसरने क्लिपबोर्डवर जे एचटीएमएल रूप ठेवले, त्यात चित्रांचे पत्ते ‘टेम्प’ नावाच्या तात्पुरत्या फोल्डरातले होते. माझ्या यंत्रावर त्या फाइली होत्या, म्हणून पाठवलेल्या प्रतीतही मला चित्रे दिसत राहिली. तिसरा प्रकार म्हणजे पत्ता एखाद्या वेबपानाचा असतो. ब्राउझरमधून मजकूर आणि चित्र एकत्र निवडून कॉपी केले की असे होते. मग चित्र प्रत्येक वेळी इंटरनेटवरून आणावे लागते, आणि परक्या ठिकाणची चित्रे न आणण्याची खबरदारी बरेच ईमेल प्रोग्राम स्वतःहून घेतात, कारण पत्र कधी उघडले याची टेहळणी करण्यासाठी अशा चित्रांचा वापर होतो. मूळ पानावरून चित्र काढले गेले तर तुमच्या जुन्या मेलमधूनही ते नाहीसे होते.

थंडरबर्डमध्ये पत्ता तपासणे सोपे आहे. लिहिण्याच्या खिडकीत चित्रावर दोनदा क्लिक करा. उघडणाऱ्या चौकटीत चित्राचे ठिकाण दिसते आणि खाली ‘अटॅच धिस इमेज टू द मेसेज’ असा पर्याय असतो; त्यावर खूण हवी. कधी कधी पेस्ट केल्याबरोबर खिडकीत एक पट्टी येते की अमुक फाइल संदेशात घेण्यापासून रोखली आहे. ती पट्टी नवशिके बंद करून टाकतात, पण ती उपयोगाची आहे: संगणकावरचा पत्ता आला आहे हेच ती सांगत असते, आणि तिथल्याच बटणाने अडवणूक काढली की चित्र संदेशात घेतले जाते.

या सगळ्यातून सुटण्याची माझी नेहमीची युक्ती मात्र पेंटचीच आहे. चित्र आधी पेंटमध्ये पेस्ट करायचे, तिथे सगळे निवडून पुन्हा कॉपी करायचे आणि मग मेलमध्ये आणायचे. पेंटकडे देण्यासारखे चित्रच असते, पत्ता नसतो. त्यामुळे नको ती रूपे गाळली जातात. पाच चित्रांसाठी पाच फेऱ्या होतात हे खरे, पण खात्री मिळते.

पाठवण्याआधी चाचणी करायची असेल तर तो मेल स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर पाठवा आणि फोनवर किंवा दुसऱ्या संगणकावर उघडा. त्याच यंत्रावर पाहिलेल्या चाचणीला अर्थ नाही, कारण तिथे मूळ फाइल सापडू शकते. थंडरबर्डमध्ये संदेश उघडून कंट्रोल आणि यू दाबले की त्याचा कच्चा मजकूर दिसतो. चित्राच्या खुणेपुढे सीआयडी आहे, फाइलचा मार्ग आहे की वेबपत्ता आहे, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते. एकदा पाहून घ्यावेच, भीती मोडते.

थंडरबर्डबाबत आणखी एक जागा तपासावी. लिहिण्याच्या खिडकीत ‘ऑप्शन्स’ या मेनूखाली ‘सेंडिंग फॉरमॅट’ आहे. तिथे ‘ओन्ली प्लेन टेक्स्ट’ निवडलेले असेल, तर एचटीएमएलमध्ये लिहूनही पाठवताना सगळे स्वरूप गळते आणि चित्रही गळून पडते.

पायरी ५: चित्राचे वजन

चित्र पेस्ट झाले, पत्ताही बरोबर आहे, पण मेल जात नाही किंवा परत येतो. अशा वेळी आकार पाहा. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पूर्ण पडदा क्लिपबोर्डवर न आवळता (कॉम्प्रेस न करता) ठेवला, तर दर ठिपक्याला ४ बाइट धरून ८२,९४,४०० बाइट होतात. मेलमध्ये जाताना तो आवळला जातो, आणि स्क्रीनशॉट पुष्कळ आवळतो, कारण त्यात एकसारख्या रंगाचे मोठे पट्टे असतात. फोटोचे तसे नसते. कॅमेऱ्यातला फोटो दर्शक-प्रोग्राममधून कॉपी करून पेस्ट केला आणि तो पीएनजी म्हणून साठवला गेला, तर मूळच्या जेपीईजी फाइलपेक्षा कितीतरी जड होतो. म्हणून स्क्रीनशॉट खुशाल पेस्ट करावा. फोटो मात्र ‘इन्सर्ट’ मेनूतून फाइल निवडूनच घालावा.

शिवाय मेलमध्ये जाताना प्रत्येक चित्र अक्षरांत बदलले जाते. त्या रीतीत दर ३ बाइटची ४ अक्षरे होतात, म्हणजे वजन एक तृतीयांशाने वाढते. जीमेलची पाठवण्याची मर्यादा २५ मेगाबाइट आहे. १८ मेगाबाइटची चित्रे घातली की २४ मेगाबाइट तिथेच झाले. थंडरबर्डमध्ये चित्राचा कोपरा धरून ते लहान केल्याने फक्त दिसण्याचा आकार बदलतो, वजन तेच राहते. खरोखर हलके करायचे तर चित्र-प्रोग्राममध्ये लहान करून, साठवून, मग घालावे.

आयफोनवरचे फोटो एचईआयसी प्रकारचे असू शकतात, आणि वेबवरची चित्रे वेबपी प्रकारची. समोरच्याच्या प्रोग्रामला ती उघडता येतीलच असे नाही. पाठवण्याआधी जेपीईजी किंवा पीएनजी करून घ्या.

पायरी ६: तरीही जमत नसेल तर

आता प्रोग्रामवर संशय घ्यायला हरकत नाही. थंडरबर्डच्या ‘हेल्प’ मेनूत ‘ट्रबलशूट मोड’ आहे. त्यात वरून जोडलेली जादा साधने, म्हणजे सगळे अ‍ॅड-ऑन बंद करून प्रोग्राम सुरू होतो. आउटलुकचे चिन्ह कंट्रोल दाबून धरून उघडले की सेफ मोडबद्दल, म्हणजे अशाच जोड-साधनांशिवाय उघडण्याबद्दल, विचारणा होते. तिथे पेस्ट चालू झाली, तर अ‍ॅड-ऑन एकेक करून बंद करत दोषी शोधावा. क्लिपबोर्डवर नजर ठेवणारी इतर साधने, म्हणजे भाषांतराचे, पासवर्ड सांभाळण्याचे किंवा क्लिपबोर्डचा इतिहास ठेवण्याचे प्रोग्रामही थोडा वेळ बंद करून पाहावेत.

आणि कधी कधी आपल्या बाजूचे सगळे बरोबर असते. समोरच्याने मेल साध्या मजकुरातच वाचायचे ठरवलेले असते, किंवा त्याच्या संस्थेची यंत्रणा मजकुरातली चित्रे काढून टाकते. तिथे पेस्टचा हट्ट सोडावा, चित्र अर्थ कळेल अशा नावाने साठवून अटॅचमेंट म्हणून जोडावे, आणि मजकुरात त्या जागी फाइलचे नाव लिहून चित्रात काय पाहायचे ते एका वाक्यात सांगावे.